पाण्याखालच्या जेटमधलं कॅव्हिटेशन: हौदातल्या चाचणीपासून जॅकवेलच्या जाळीपर्यंत

फेब्रुवारी उलटला की तापीकाठच्या उपसा योजनांवर ठरलेली तक्रार सुरू होते. पंप पाणी कमी देतोय, ॲम्पिअर खाली आलेत आणि पंपातून खडखड ऐकू येते. "पंप खडी खाई ऱ्हायना," असं आमच्याकडचा फिटर अहिराणीत सांगतो. पंप उघडला तर आत खडीचा कणही नसतो. इम्पेलरच्या (पंपातल्या फिरत्या चाकाच्या) पात्यांचं बीड मात्र, पाणी आत शिरतं त्या कडेला, स्पंजासारखं भोकाभोकांचं झालेलं असतं. मूळ दुखणं बहुतेक वेळा खाली फुटव्हॉल्व्हच्या (सक्शन पाइपच्या तळाशी बसवलेल्या झडपेच्या) जाळीत असतं. शेवाळ, शिंपल्यांची कवचं आणि क्षारांचा कडक थर यांनी जाळी चोंदते, सक्शनमधला दाब पाण्याच्या बाष्पदाबाखाली उतरतो, वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पुढे दाब वाढताच ते पात्यावर फुटतात. हेच कॅव्हिटेशन.

ती जाळी साफ करायला वॉशिंग सेंटरवरची गन पाण्यात बुडवून मारणारे मी पुष्कळ पाहिलेत. गाड्यांचा चिखल उडवणारी तीच गन पाण्याखाली गेली की क्षाराला हातही लावत नाही. लोक मग प्रेशर वाढवतात, मोठा पंप आणतात. खरं तर प्रेशरपेक्षा नोझलचं तोंड, पाण्याची खोली आणि जाळीपासूनचं अंतर यांची जुळणी महत्त्वाची आहे. पंपाला खाणारे तेच बुडबुडे नोझलपुढे मुद्दाम तयार करून जाळीवर नेमके फोडायचे, एवढंच हे काम आहे. ते कसं जुळवायचं हे इथे क्रमाने सांगतो. डिप्लोमा-डिग्रीच्या प्रोजेक्टला आणि उपसा संस्थेच्या फिटरला, दोघांनाही उपयोगी पडेल असं लिहिलं आहे.

आधी हिशेब: पाण्याखाली जेट कुठे मरतो

जेटचा, म्हणजे नोझलमधून सुटणाऱ्या धारेचा, वेग काढायला मोठं गणित लागत नाही. दाब पास्कलमध्ये घ्या, दुप्पट करा, पाण्याच्या घनतेने म्हणजे १००० ने भागा आणि वर्गमूळ काढा. १०० बारला सेकंदाला १४१ मीटर येतात, १५० बारला १७३ आणि फवारणीच्या एचटीपी पंपाच्या ३० बारला ७७. (आपण ज्याला 'किलो' म्हणतो तो दाब आणि बार यांत जेमतेम दोन टक्क्यांचा फरक आहे, इथे तो सोडून दिला तरी चालेल.)

हवेत हा जेट बराच लांब एकसंध जातो. पाण्यात तो आजूबाजूचं पाणी ओढत जातो आणि त्या ओढाताणीत त्याचा वेग संपतो. नोझलच्या छिद्राच्या साधारण सहापट अंतरापर्यंत मधला गाभा पूर्ण वेगाने जातो, त्यापुढे वेग अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो. १ मिमी नोझल धरलं तर ६० मिमीवर मधला वेग एक दशांश उरतो. दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे जातो, म्हणून तिथे १०० बारचा १ बार झालेला असतो. एक बारच्या धक्क्याने तापीच्या पाण्याचा क्षार निघत नाही. गन निकामी का ठरते याचं उत्तर इतकं साधं आहे.

आणि तरीही त्याच ६० मिमीवर, सगळं नीट जुळलं असेल तर, ॲल्युमिनियमच्या पट्टीला खड्डे पडतात. ते काम जेटच्या धक्क्याचं नाही. वेगवान जेट आणि स्थिर पाणी यांच्या सीमेवर छोटे छोटे भोवरे तयार होतात. भोवऱ्याच्या पोटात दाब इतका घसरतो की तिथे पाण्याची वाफ होते. हे बुडबुडे ढगासारखे पुढे वाहत जातात आणि जेट मंदावतो तिथे बाहेरच्या पाण्याचा दाब त्यांना चिरडतो. लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये या चिरडण्याचं गणित मांडलं. त्या सूत्राने १ मिमी त्रिज्येचा बुडबुडा एका वातावरणाच्या दाबाखाली सुमारे ९० मायक्रोसेकंदांत मिटतो. जवळ भिंत असेल तर तो गोल राहून मिटत नाही. त्याची मागची बाजू आत घुसते आणि पाण्याची केसासारखी बारीक पिचकारी सेकंदाला शंभरेक मीटर वेगाने भिंतीवर आदळते, सोबत धक्कालहरही येते. मारा सूक्ष्म जागेवर आणि अगदी थोडा वेळ असतो, पण त्या जागेवरचा दाब शेकडो मेगापास्कलपर्यंत जातो. म्हणजे १०० बारचा पंप लावून हजारो बारचे ठोके मिळतात, फक्त ते जाळीवर पडले पाहिजेत.

सिग्मा: सगळं ज्यावर टांगलेलं आहे तो आकडा

नोझलबाहेरच्या पाण्याचा निरपेक्ष दाब घ्या, त्यातून बाष्पदाब वजा करा आणि नोझलच्या आत-बाहेरच्या दाबातल्या फरकाने भागा. या आकड्याला कॅव्हिटेशन नंबर किंवा सिग्मा म्हणतात. तो जितका लहान, तितका ढग लांब आणि दाट.

जळगावचं उदाहरण घेऊ. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर आहे, म्हणून हवेचा दाब ९८.८ किलोपास्कलच्या आसपास धरायचा. नोझल हौदात अर्धा मीटर खाली असेल तर पाण्याचे ४.९ मिळवा, १०३.७ झाले. पाणी ३० अंशांचं असेल तर बाष्पदाब ४.२, तो वजा केला की ९९.५ उरतात. गेजवर १०० बार म्हणजे १०,००० किलोपास्कल. भागाकार आला ०.०१०. तीच नोझल १० मीटर खोल नेली तर वरची संख्या १९२.७ होते आणि सिग्मा ०.०१९. २० मीटरवर ०.०२९. खोली दहा मीटरने वाढली की जवळपास एक वातावरण वाढतं, त्यामुळे हौदातला सिग्मा १० मीटरवर टिकवायचा तर पंप २०० बारचा लागेल.

इथे एक गोष्ट विद्यार्थी हमखास विचारतात: नोझल खोल आहे, तर गेजच्या दाबातून खोलीचा दाब वजा करायचा नाही का? नाही. लान्समध्येही (ज्याच्या टोकाला नोझल बसतं त्या लांब पाइपमध्येही) तितक्याच उंचीचं पाणी उभं असतं आणि ते बाहेरच्या पाण्याला तोलून धरतं. पंप पाण्याच्या पातळीजवळ ठेवला असेल तर नोझलवरचा फरक हा गेजचा आकडाच, फक्त होजमधलं घर्षण त्यातून कमी करा. पाव इंची, २० मीटर लांब होजमध्ये मिनिटाला ५ लिटर पाणी गेलं तर ३ ते ४ बार तिथेच जातात. तीन अष्टमांश इंची घेतली तर हे नुकसान नगण्य होतं.

सिग्मा लहान म्हणजे काम जास्त, असं सरळ समीकरण मात्र मांडू नका. बाहेरचा दाब वाढला की ढग आखूड होतो, पण उरलेला प्रत्येक बुडबुडा जास्त जोराने फुटतो. बाहेरचा दाब फार कमी असेल तर ढग भला मोठा दिसतो आणि फुटतो मिळमिळीत. दोन्हींचा मेळ साधारण ०.०१ ते ०.०२ या टप्प्यात बसतो. जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या हितोशी सोयामा यांनी धातूचा पृष्ठभाग ठोकून कडक करण्यासाठी अशाच जेटवर दीर्घकाळ काम केलं आहे आणि त्यांचे उत्तम आकडेही याच टप्प्यातले आहेत. आपल्या सुदैवाने १०० बारचा साधा वॉशर आणि तापीकाठच्या उन्हाळी विहिरींची खोली नेमकी इथेच येते.

सामान जमवताना

तीन प्लंजरचा, १०० ते १५० बारचा, तीन एचपीच्या आसपासचा पंप पुरतो. घरी एचटीपी असेल तर आवाज आणि ढग बघायला तो चालेल. कामाला मात्र तो कमी पडतो, कारण झीज वेगाच्या साधारण पाचव्या ते सातव्या घाताने बदलते. सहावा घात धरला तर ३० बारवरून १०० बारवर गेल्याने फरक ३७ पट पडतो. हा ढोबळ अंदाज आहे, पण पंप निवडायला पुरेसा आहे.

नोझल गोल, सरळ छिद्राचं, १ मिमीचं घ्या. पंख्यासारखं फवारणारं किंवा फिरतं टर्बो नोझल नको. ती हवेसाठी बनलेली असतात, पाण्यात त्यांचा जेट जागीच विखुरतो. १०० बारला १ मिमीमधून, छिद्राचा गुणांक ०.८ धरून, मिनिटाला सुमारे ५.३ लिटर पाणी जातं आणि त्यात ९०० वॉटच्या आसपास शक्ती असते. पंप यापेक्षा जास्त पाणी देत असेल तर उरलेलं अनलोडरमधून (पंपाचा दाब कमी-जास्त करणाऱ्या झडपेतून) परत जाईल. ते परतीचं पाणी टाकीत सोडा, सक्शन पाइपात जोडू नका. पितळी नोझलची कड लवकर गोल होते, म्हणून कडक स्टेनलेस किंवा टंगस्टन कार्बाइडचं घ्या. छिद्राची कड धारदार असणं इथे फार महत्त्वाचं आहे, भोवऱ्यांचा जन्म तिथेच होतो.

एक सुधारणा करून घ्या, जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीतला कोणताही लेथवाला तासाभरात ती करून देईल. छिद्राच्या पुढे एक नळी बसवायची, आतला व्यास छिद्राच्या आठपट आणि लांबीही आठपट. म्हणजे १ मिमीसाठी ८ मिमी भोक, ८ मिमी लांब. या छोट्या कप्प्यात भोवरे बांधले जातात आणि ढग ठरावीक ठोक्यांनी बाहेर पडतो. सोयामा यांच्या मापनांत याच प्रमाणाने झीज चांगलीच वाढलेली आहे. ऑर्गन-पाइप नावाची, स्वतःच्या कंपनाने ढग तोडणारी नोझलंही असतात, पण त्यांची लांबी अचूक कापावी लागते. पहिल्या खेपेला त्यांच्या नादी लागू नये.

होज, लान्सचा पाइप, कपलिंग हे सगळं पंपाच्या कमाल दाबापेक्षा वरच्या रेटिंगचं हवं, पंपावर सेफ्टी व्हॉल्व्ह हवा. सक्शनला जाळीचा बारीक फिल्टर लावा. तापीचा गाळ पंपात गेला तर तो जेटसोबत नोझलही खातो आणि प्लंजरचे सीलही.

पंपाच्या बाजूला बुडबुडा नको

पुढे मुद्दाम बुडबुडे करायचे आणि मागे एकही होऊ द्यायचा नाही, ही या जोडणीची खरी शिस्त आहे. खानदेशच्या उन्हात ती पाळणं सोपं नाही.

जळगावला हवेचा दाब म्हणजे पाण्याचा सुमारे १०.१ मीटरचा स्तंभ. पाणी २० अंशांचं असेल तर बाष्पदाब त्यातले २४ सेंटिमीटर खातो. मे महिन्यात उन्हातल्या टाकीतलं पाणी ४० अंशांवर गेलं की ७५ सेंटिमीटर. वर प्लंजर पंपाचं सक्शन एकसारखं ओढत नाही, ठोक्याठोक्याने ओढतं, त्यामुळे गेजवर दिसतो त्यापेक्षा दाब क्षणभर बराच खाली जातो. म्हणून विहिरीतून थेट ओढण्याच्या भानगडीत पडू नका. टाकी पंपापेक्षा मीटरभर उंच ठेवा, सक्शन होज आखूड आणि एक साइज मोठी घ्या, टाकीला सावली करा.

हवेची गळती हा दुसरा शत्रू, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. सक्शनच्या क्लॅम्पमधून हवा आत आली तर पंप फारसा बिघडत नाही, पण जेटमधला जोर जातो. हवेचा बुडबुडा वाफेच्या बुडबुड्यासारखा मिटत नाही, तो गादी बनून ठोका झेलतो. धरणांच्या सांडव्यावर काँक्रीट वाचवायला मुद्दाम हवा मिसळतात ती याच कारणाने, पाण्यात सात-आठ टक्के हवा मिसळली की तिथली झीज जवळपास थांबते. आपल्याला नेमकं उलटं हवं आहे. क्लॅम्पवर साबणाचं पाणी टाकून चालणार नाही, कारण हवा आत ओढली जाते, बाहेर येत नाही. सक्शन होजचा एक तुकडा पारदर्शक घ्या आणि त्यात उजेडाकडे बघा. बारीक मोत्यांची रांग जाताना दिसली तर पंप बंद करून जोड पुन्हा बसवा.

हात लावण्याआधी

१०० बारचा जेट हवेत बोटावर आला तर कातडी छेदून पाणी आत शिरतं. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आतली इजा बोट गमावण्याइतकी असू शकते. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना 'हाय प्रेशरचं पाणी आत गेलंय' असं स्पष्ट सांगा. पाण्याखाली जेट लवकर मंदावतो म्हणून हात घालून बघण्याचा मोह होतो. कधीही घालू नका. नोझल पाण्यात पूर्ण बुडाल्याशिवाय पंप सुरू करायचा नाही, आणि पंप बंद करून दाब शून्यावर आल्याशिवाय नोझल वर काढायचं नाही.

मोटार आणि स्टार्टर हौदापासून दूर, कोरड्या जागी ठेवा. अर्थिंग तपासलेलं आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) लावलेला असावा. शेतीची लाइन रात्रपाळीत येत असेल तर त्या पाळीत हे काम ठेवू नका. कानाला मफ, डोळ्याला गॉगल घाला. माणूस पाण्यात उतरवून हा जेट चालवणं हे प्रशिक्षित पाणबुड्यांचं काम आहे. इथे सांगितलेली सगळी पद्धत काठावर उभं राहून करायची आहे.

हौदातली चाचणी

५०० लिटरची टाकी घ्या. नोझल सरळ खाली तोंड करून, पृष्ठभागापासून अर्धा मीटर खाली घट्ट बांधा. त्याखाली सरकवता येईल असा लोखंडी स्टँड ठेवा, त्यावर नमुन्याची पट्टी बसेल. जेटची उलट ढकल १०० बारला सुमारे १२ न्यूटन, म्हणजे सव्वा किलोएवढी असते. ती जास्त नाही, पण सैल बांधलेला लान्स थरथरतो आणि अंतराचं माप बिघडतं. ताजं भरलेलं पाणी एक रात्र स्थिर राहू द्या, विरघळलेली जास्तीची हवा निघून जाते.

पहिली ओळख कानाने करा. अनलोडर पूर्ण मोकळा ठेवून पंप सुरू करा आणि दाब हळूहळू चढवा. सुरुवातीला नुसती सुस्कार ऐकू येते. एका दाबावर तिच्यात बारीक तडतड मिसळते, तोच आरंभबिंदू. लांब पेचकसाचं टोक टाकीला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली तर ती आणखी आधी कळते. तो दाब लिहून ठेवा. पुढे कधी त्याच नोझलला तडतड उशिरा सुरू झाली, तर छिद्राची कड झिजली असं समजा.

मग डोळ्याने बघा. टाकीला काचेची किंवा ॲक्रिलिकची खिडकी असेल तर भर दुपारच्या उन्हात फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/८००० सेकंद ठेवून वीस-पंचवीस फोटो घ्या. साध्या डोळ्याला ढग पांढऱ्या, स्थिर शेपटीसारखा दिसतो. फोटोत कळतं की ती शेपूट नसून तुटत जाणारे पुंजके आहेत, दर फोटोत लांबी वेगळी. चौकटीत एक स्टीलची पट्टी ठेवा, प्रत्येक फोटोतली लांबी मोजा आणि सरासरी काढा. स्लो मोशन व्हिडिओवर विसंबू नका. पुंजके सेकंदाला शेकडो ते हजारोंच्या संख्येने सुटतात, २४० फ्रेममध्ये त्यांची खोटीच चाल दिसते.

तिसरी चाचणी अंतराची, आणि सगळ्यात जास्त वेळ हिलाच द्या. मऊ, शुद्ध ॲल्युमिनियमच्या ५० मिमी चौरस, ३ मिमी जाड पट्ट्या कापून घ्या. प्रत्येकीचं वजन २० ग्रॅमच्या आसपास भरेल. हजार नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, मग मेटल पॉलिशने आरसा करा. वजन मिलिग्रॅमपर्यंत हवं आणि त्यासाठी प्रयोगशाळा शोधायची गरज नाही, जळगावच्या सराफाकडचा मिलिग्रॅम दाखवणारा काटा या कामाला उत्तम. पट्टी पुसून, सुकवून, खोलीच्या तापमानाला आणून तीनदा तोला.

नोझलपासून १० मिमीवर सुरुवात करा आणि दहा-दहाने १२० मिमीपर्यंत जा. दर वेळी नवी पट्टी, दाब १०० बार, वेळ १० मिनिटं. वजनात फरकच दिसला नाही तर सगळ्यांसाठी वेळ २० मिनिटं करा, एकट्या एखादीसाठी नको. सुरुवातीचा काही काळ धातू फक्त चेपला जातो, तुकडा सुटत नाही. हा उबवणीचा काळ ओलांडल्याशिवाय वजन घटत नाही. अशा चाचण्यांसाठी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं जी-१३४ हे मानक आहे. अहवाल लिहायचा असेल तर त्यातली मांडणी पाळा, कंपनावर चालणाऱ्या जी-३२ शी तिची गल्लत करू नका.

आता पट्ट्या ओळीने मांडून बघा. जवळच्या पट्टीवर मधोमध एक खोलगट डाग असेल, तो जेटच्या थेट धक्क्याचा. मग मधल्या काही अंतरांवर जवळपास काहीच नाही. इथेच बहुतेक लोक कंटाळून थांबतात आणि 'लांबून काही होत नाही' असा निष्कर्ष काढतात. थोडं पुढे गेलं की पुन्हा खूण उमटते, आणि ती वेगळी असते. मधला भाग चकचकीत राहतो आणि भोवती राखाडी, खरखरीत कडं पडतं. बोटाचं नख त्या कड्यावरून फिरवलं तर बारीक कानशीसारखं लागतं. भिंगातून बघा, कड्याच्या आतल्या काठावर सुटे, गोल, तळ गुळगुळीत असलेले खड्डे दिसतील. तो प्रत्येक खड्डा एकेका ठोक्याचा आहे. ढग पट्टीवर आदळून चहूबाजूंना पसरतो आणि पसरताना मिटतो, म्हणून कडं. वजनाचा आलेख काढला तर त्याला दोन शिखरं येतात आणि आपल्या कामाचं दुसरं शिखर. १ मिमी नोझलला ते काही दहा मिमींच्या घरात सापडतं. नेमकं किती, ते तुमच्या नोझलने सांगावं. दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नका, कडेची धार किंचित बदलली तरी शिखर सरकतं.

चाचणीभर पाण्याचं तापमान लिहा. तेच पाणी फिरत राहिलं तर मोटारीची बहुतेक शक्ती उष्णता होऊन टाकीत जमते. ५०० लिटरला २.२ किलोवॉटने तासाला साडेतीन-चार अंश चढतात, २०० लिटरच्या पिंपात नऊच्या पुढे. सिग्मावर याचा परिणाम किरकोळ आहे, ३० वरून ४० अंशांवर जेमतेम तीन टक्के. झिजेवर मात्र दिसतो. कंपनाच्या चाचण्यांत झीज ५० अंशांच्या आसपासपर्यंत वाढते आणि मग उतरते. सकाळची पट्टी आणि दुपारची पट्टी यांची तुलना करायची असेल तर पाणी बदलून तापमान सारखं करा.

जाळीवर

फुटव्हॉल्व्ह चेन पुलीने वर काढता येत असेल तर काढा आणि हौदातच साफ करा. खोलीचा प्रश्न उरत नाही, जाळी डोळ्यांसमोर असते. जॅकवेलची (नदीचं पाणी उपसण्यासाठी बांधलेल्या पंपाच्या विहिरीची) खाचेत बसणारी जाळी असेल तर तीही वर ओढा. हे जमत नसेल तरच जागेवर.

जागेवरचं काम मार्च-एप्रिलमध्ये, पाणी उतरलेलं असताना ठरवा. ६ मीटर खोलीवर १०० बारला सिग्मा ०.०१५ येतो, तो चांगला. पावसाळ्यानंतर तीच जाळी १२ मीटरखाली गेली तर ०.०२१ होतो, ढग आखडतो आणि हौदात मोजलेलं अंतर लागू पडत नाही. हौदात ही खोली तयार करता येत नाही, म्हणून तारेच्या चौकटीवर चार पॉलिश केलेल्या पट्ट्या वेगवेगळ्या अंतरांवर बांधा आणि लान्ससोबत विहिरीत सोडून पाहा. अंतर साधारण कमी करावं लागतं.

अंतर हाताने धरता येत नाही. लान्सच्या टोकाला तीन सळ्यांची तिवई वेल्ड करा, तिचे पाय जाळीला टेकले की नोझल बरोबर त्या अंतरावर राहील. पायांना रबराचे बूट घाला. लान्स तीन मीटरपेक्षा लांब असेल तर एकाऐवजी दोन नोझल, एक जाळीकडे आणि एक अगदी उलट दिशेला, अशी रचना करा. ढकल एकमेकींना मारते आणि लान्स शांत राहतो. पाणी दुप्पट लागेल, पंप तेवढं देतो का ते आधी बघा.

दाब चढवा, तडतड ऐका आणि लान्स सेकंदाला ५ मिमी अशा सावकाश चालीने सरकवा. कडं फिरत जातं, मधला भाग सुटतो, त्यामुळे पुढची फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवून घ्या. क्षार आधी गढूळ होऊन निघतो, मग पापुद्रे सुटतात. शेवाळ तर पहिल्याच फेरीत जातं. एका जागी थांबू नका. क्षारानंतर हाच ढग जस्ताचा मुलामा आणि मग खालचं लोखंड खायला लागतो. गंजलेल्या वेल्डवर, फुटव्हॉल्व्हच्या रबरी फ्लॅपवर आणि जुन्या प्लास्टरवर नोझल नेऊच नका. सुरुवात नेहमी जाळीच्या एखाद्या कोपऱ्यात करा, तो भाग वर आणून बघा, मग पुढे चला.

मुख्य पंप या काळात बंद हवा. पापुद्रे तळाला बसायला वेळ द्या आणि गाळपंपाने ते काढा, नाहीतर पहिल्याच स्टार्टला ते पुन्हा जाळीवर येतील. पिण्याच्या पाण्याची योजना असेल तर ग्रामपंचायतीला आधी कळवून पुरवठा थांबवा. धरण-बंधाऱ्याच्या दारांना किंवा शासकीय जाळीला जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय हात लावू नका.

काम झालं का हे जाळीकडे बघून ठरवू नका. मुख्य पंपाच्या सक्शनवर व्हॅक्यूम गेज लावा आणि त्याच पाणीपातळीला, त्याच डिलिव्हरीला, सफाईआधीचं आणि नंतरचं वाचन घ्या. जाळीच कारण असेल तर काटा ठळक खाली येतो आणि खडखड जाते. काटा हलला नाही तर सक्शनचा बेंड, आतून सोललेला होज, अर्धवट उघडणारा फ्लॅप या क्रमाने शोधा. आणि काटा खाली आला पण खडखड तशीच राहिली, तर इम्पेलर आधीच खाल्लेला आहे. पात्यांची आतली कड उघडून बघा, पेचकसाच्या टोकाने टोचा. धातू भुसभुशीत लागला तर तो इम्पेलर बॅलन्स करून परत बसवण्यात अर्थ नाही, नवा टाका. आणि नव्याच्या बॉक्सवर त्या दिवशीचं व्हॅक्यूम गेजचं वाचन मार्करने लिहून ठेवा. पुढच्या मार्चमध्ये काटा त्याच्या वर चढू लागला की जाळीची वेळ झाली.